जीव कोणाचा, चारा कोणाचा

बैल घ्यायचा म्हटलं की परतूरकडचा शेतकरी आधी त्याचे दात बघतो. आदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दातांवरून वय कळते, मग चाल, खांदा आणि खूर बघून रकमेचे बोलणे सुरू होते. हाच शेतकरी श्रावण अमावस्येला त्याच बैलाचे पाय धुतो, त्याला ओवाळतो आणि पुरणपोळीचा घास आधी त्याला चारून मग स्वतः जेवायला बसतो. बाजारातली किंमत आणि पोळ्याचा मान, दोन्ही त्याच्या लेखी खरे असतात. धर्म प्राण्याच्या जिवाला किती मोल देतो हा प्रश्न निघाला की चर्चा गाय की बोकड, शाकाहार की मांसाहार, हिंदू की मुसलमान अशा जोड्यांत अडकते. मला त्याहून कामाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. ज्या श्रद्धेने जिवाला मोल दिले, तिने त्या जिवाच्या पोटाची आणि म्हातारपणाची जबाबदारी कोणावर टाकली?

हा प्रश्न तपासायला परतूर चांगले ठिकाण आहे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीतून इकडे आले. कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख. जवळून दुधना वाहते, दक्षिणेला गोदावरी. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. गोदावरीच्या वरच्या अंगाला एकनाथांचे पैठण, शेजारच्या घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब, पलीकडे जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भोकरदन तालुक्यात महानुभावांचा जाळीचा देव. माळकरी घरे, धनगरांची मेंढरे, कुरेशी मोहल्ला, बौद्ध वस्ती आणि व्यापारी जैन कुटुंबे एकाच बाजारपेठेत वावरतात. प्राण्याबद्दलचे पाच-सहा निरनिराळे धर्मविचार इथे रोज एकमेकांशी व्यवहार करतात.

या टापूत सांगितल्या जाणाऱ्या संतकथा आधी पाहू, कारण लहानपणी कानावर पडलेले तेच असते. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला शिकाऱ्यांच्या हवाली करत नाहीत. ही लीळा महानुभावांच्या घरोघर ठाऊक आहे. पैठणला ज्ञानेश्वर रेड्याच्या मुखातून वेद वदवतात. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे आजही पूजली जाते. एकनाथ काशीहून आणलेल्या कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. नामदेवांची पोळी कुत्रा पळवतो, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. या चारही कथांत गाय नाही. ससा, रेडा, गाढव, कुत्रा. ज्यांना कोणी ओवाळत नाही असेच प्राणी आहेत. शिवाय प्रत्येक वेळी झीज संताने स्वतः सोसली आहे. गाढवाला पाजलेले पाणी एकनाथांच्या कावडीतले होते. रेड्यावर चाबूक ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. दयेचा खर्च दुसऱ्याच्या नावावर टाकलेला एकही प्रसंग या कथांमध्ये नाही.

आता जिथे प्राण्याचा जीव घेतला जातो तिथे येऊ. मराठवाड्यात नवसाच्या बोकडाच्या जेवणाला कंदुरी म्हणतात. ती म्हसोबाला होते, लक्ष्मीआईला होते, तशीच पिराच्या दर्ग्यावरही होते, आणि दर्ग्यावर कंदुरी घालणाऱ्यांत हिंदू कुटुंबे भरपूर असतात. बोकड आणून देवापुढे उभा करतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि सगळे गप्प उभे राहतात. बोकडाने अंग झाडले की देवाने मान्य केले असे समजतात. नाही झाडले तर पुन्हा पाणी शिंपडायचे, पुन्हा थांबायचे. घाईच्या माणसांनाही तिथे थांबावे लागते. त्यानंतर सुरी चालते ती बहुतेक गावांत मुलाण्याची. मुलाणी हा जुन्या गावगाड्यातला बलुतेदार. बकरे हलाल करणे हे त्याचे काम होते आणि ते तो मुसलमानांपुरते करत नसे, मराठ्यांच्या घरच्या बोकडालाही त्याचाच हात लागे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्क-कर्तव्यांत या मुलाण्याचीही नोंद आहे. म्हसोबापुढचा बोकड अल्लाचे नाव घेऊन कापला जातो आणि दोन्ही समाज एका पंगतीत भाकरी-रस्सा खातात, यात इथल्या कोणाला कधी विसंगती वाटली नाही.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की मारणे सोपे ठेवलेले नाही. कोणी मारायचे, कोणत्या दिवशी, कोणापुढे, काय म्हणून, हे सगळे बांधून दिलेले आहे. बकरी ईदच्या कुर्बानीतही तसेच. जनावर वर्षाचे तरी हवे, लंगडे, आंधळे, रोगट नको. सुरी धारदार हवी, एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, मांसाचे तीन वाटे करून गरिबांचा आणि नातलगांचा वाटा काढायचा. मांस आणि रक्त देवापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती माणसाची निष्ठा, असे कुराण सांगते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या बदनाम बाईला क्षमा मिळाली आणि मांजर कोंडून उपाशी मारणारी शिक्षेला पात्र ठरली, या हदीसमधल्या कथा मशिदीत सांगितल्या जातात. उस्मानाबादी बोकड चांगले पोसून ईदच्या बाजारात आणणारा धनगर किंवा मराठा शेतकरी वर्षाचा मोठा खर्च त्या एका विक्रीवर भागवतो, हीसुद्धा या श्रद्धेचीच दुसरी बाजू.

बळीच्या विरोधातला आवाजही आपल्याकडे जुना आणि धर्माच्या आतलाच आहे. गाडगेबाबांनी जत्रांमधून हिंडून बोकडाच्या नवसावर कीर्तने केली. स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. ते जिवाच्या दयेने बोलत, तसेच कर्जाबद्दलही बोलत. सावकाराकडून पैसा उचलून घातलेल्या कंदुरीत बोकडाचा जीव एका दिवसात जातो, शेतकऱ्याचा वर्षभर जात राहतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने जत्रांतल्या पशुहत्येविरुद्ध मोहिमा काढल्या. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या जत्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर त्या डोंगरावर बळी देण्यास बंदी आली. तुळजापूरला मात्र नवरात्रातला अजाबळी चालू आहे. देशाच्या कायद्याने या बाबतीत हात आवरता ठेवला आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे २८ वे कलम धर्माने आवश्यक मानलेल्या पद्धतीने प्राणी मारणे हा गुन्हा ठरवत नाही.

मांस वर्ज्य करणाऱ्या परंपरांचे मोल वेगळेच आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की वारकरी मांस सोडतो. मराठवाड्यात एकाच घरात बाप माळकरी आणि मुलगा खाणारा असे असते. मग चूल वेगळी, भांडी वेगळी, आणि मटण शिजवायचे ते गोठ्यालगत. जैनांनी अहिंसेसाठी संस्था उभ्या केल्या. पांजरपोळ ही मूळ कल्पना त्यांचीच: अपंग, म्हातारे जनावर ठेवून घ्यायचे आणि त्याचा खर्च समाजाच्या पेढ्यांवरून वसूल झालेल्या लागेतून करायचा. इथे मोल देणारा आणि चारा देणारा एकच आहे, म्हणून ही व्यवस्था शतके टिकली. पण तीच अहिंसा शहरात दुसऱ्याच्या जिवावर येऊ शकते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने झाकला तेव्हा झालेला उद्रेक आठवावा. दाणे टाकणाऱ्याला पुण्य मिळते, आणि शेजारच्या इमारतीतल्या माणसाच्या फुफ्फुसांना त्या विष्ठेचा त्रास होतो. त्याच वर्षी जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली ‘माधुरी’ हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला गेली आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या लोकांचे प्रेम खोटे नव्हते. पण साखळदंडातल्या हत्तिणीच्या पायांचे काय, हा प्रश्नही खराच होता, आणि तो न्यायालयात बाहेरच्यांना विचारावा लागला. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा होत असे, तीही न्यायालयामुळे थांबली. नागाला देव मानणाऱ्यांनीच त्याला पकडून मडक्यात ठेवले होते. मान दिला म्हणजे हित साधलेच असे होत नाही.

सगळ्यात कटू भाग मेलेल्या गाई-बैलांचा आहे. जिवंत असेपर्यंत गाय मालकाची माता. मेली की ती ओढून नेण्याचे काम महाराच्या माथी, आणि ते ओढल्याबद्दल त्याला अस्पृश्य म्हणायचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा असे सांगितले. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांनी ढोरे ओढणे सोडले, मरीआईचे बोकड सोडले, आणि त्यापायी कित्येक ठिकाणी बहिष्कारही सोसला. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची जी नोंद आहे ती वाचली की समजते: दुष्काळात ज्या मांसाने पोरे जगली त्याच मांसावरून त्यांना हीन ठरवले गेले. गाईला पवित्र मानण्याचा सगळा भार ज्यांनी उचलला त्यांच्या वाट्याला त्या पावित्र्यातले काही आले नाही. गुजरातेत उना इथे २०१६ साली मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना फटके मारले गेले, तेव्हा हा हिशेब अजून मिटलेला नाही हे दिसले.

गाईचा प्रश्न मराठी विचारवंतांनी किती निरनिराळ्या अंगांनी पाहिला आहे, ते आजच्या गोंगाटात हरवते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या शिपायांच्या गोमांसामुळे शेतकऱ्याला बैल मिळेनासे झाल्याची तक्रार केली, ती तक्रार नांगराची होती. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे लिहून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. विनोबांनी १९७९ साली संपूर्ण गोवधबंदीसाठी उपोषण केले, १९८२ च्या जानेवारीत देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू करायला लावला. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी साठच्या दशकात विचारले की चारा मर्यादित असताना नको झालेल्या जनावराचे आपण करतो काय? त्यांचे उत्तर कठोर होते: आपण त्याला मारत नाही, उपाशी ठेवतो. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस गाईच्या पावित्र्यामागे शेतीचा शहाणपणा आहे असे म्हणत होता आणि दांडेकरांशी त्याचा वाद झाला. पण केरळात गोऱ्हे कालवडींपेक्षा खूप जास्त मरतात, कारण त्यांना आईजवळ पुरेसे पिऊ देत नाहीत, हे हॅरिसनेच नोंदवले. मला दोघांच्या वादात दांडेकरांची बाजू अधिक प्रामाणिक वाटते, कारण जनावराला काय भोगावे लागते ते ती झाकत नाही.

आता कायदा. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद होती, पण दाखला घेऊन निकामी बैल कत्तलीला देता येत होता. १९९५ ला विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. त्याआधी २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने गुजरातचा असाच कायदा मान्य करताना म्हातारा बैलही शेणखत देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, असे कारण दिले होते.

महाराष्ट्रात बैलांवरची बंदी आली त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. २०१२-१३ ला जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, सरपण झाल्या. त्यातून उठतो न उठतो तो २०१५ आले. अशा वर्षी शेतकरी कडबा संपला की बैल बाजारात नेतो, आणि पाऊस झाला की नवी जोडी घेतो. जुन्याचे पैसे नव्यात घालतो. बंदीनंतर थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही. शेतकाम करू न शकणारा बैल शेतीसाठी कोण विकत घेणार? कायद्याने त्याची विक्री बंद केलेली नाही, फक्त तिचा खरा खरेदीदार बाजूला केला. गाडी अडवून मारहाण करणारे रस्त्यावर उभे राहिले ते वेगळेच. २०२५ च्या पावसाळ्यात त्याच्या निषेधार्थ जनावरांचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली तेव्हा बाजारांत जनावरे परत न्यायची पाळी शेतकऱ्यांवर आली. त्यांतले बहुतेक गाईला नमस्कार करणारेच होते.

पशुगणनेचे आकडे याच्याशी जुळतात. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातली गोवंशाची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली. पश्चिम बंगालमध्ये, जिथे वय झालेल्या जनावराच्या कत्तलीला दाखल्याने मुभा आहे, तिथे ती १५ टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आला हेही घटीचे कारण आहे, सगळा दोष कायद्यावर टाकणे बरोबर नाही. पण म्हातारे होईल तेव्हा गळ्यात पडेल असे जनावर नव्याने कोण पाळेल, ही शेतकऱ्याची भीती मी कित्येकदा ऐकली आहे. संकरित गाईचा गोऱ्हा तर जन्मतःच नकोसा, कारण त्याला वशिंड नाही आणि तो औताला नीट चालत नाही. म्हशीला मात्र यातले काहीच लागू नाही. गोठ्यात दोन्ही शेजारी बांधलेल्या असतात, म्हशीचे दूध अधिक दाट आणि डेअरीत भाव अधिक. पण ती आटली की दाखल्यावर जाऊ शकते, तिच्यासाठी कोणी रस्ता अडवत नाही. जीव आहे म्हणून जिला वाचवायचे, तिचे वाचणे ती कोणत्या देवाची आहे यावर अवलंबून राहिले तर त्याला जीवदया म्हणता येत नाही, एवढे स्पष्ट म्हणायला हवे.

श्रद्धेचे ओळखीत रूपांतर कसे होते ते प्यू संशोधन संस्थेच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत दिसते. गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही असे ७२ टक्के हिंदूंनी सांगितले. देवावर विश्वास नसलेला हिंदू असू शकत नाही असे म्हणणारे ४९ टक्केच निघाले. त्याच पाहणीत स्वतःला शाकाहारी म्हणवणारे हिंदू ४४ टक्के आणि जैन ९२ टक्के होते. गाय ही इथे प्राणी म्हणून कमी आणि सीमारेषा म्हणून जास्त मोजली जाते. युरोपात वाद निराळ्या जागी अडला आहे. बेल्जियमच्या काही भागांत जनावर कापण्यापूर्वी बेशुद्ध करण्याची सक्ती आली, ज्यू आणि मुस्लिम संघटना न्यायालयात गेल्या. २०२० साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने आणि २०२४ साली मानवी हक्क न्यायालयाने सक्तीच्या बाजूने निकाल दिला. तिकडे जनावर कसे मारले यावर भांडण आहे, इकडे कोणते मारले यावर. मरण्याआधी ते कसे जगले, हे दोन्हीकडे मागे पडते.

कसे जगले, याचे उत्तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मिळते. खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, कधी कातडे सोललेले असते. त्या दिवशी औत धरायचे नाही. गरम पाण्याने खांदा शेकतात, हळद आणि तूप एकत्र करून त्या घट्ट्यावर हाताने चोळतात, बराच वेळ, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याचे आमंत्रण बैलाला तोंडाने देतात. सकाळी शिंगांना हिंगूळ, बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. गावातले मुसलमान शेतकरीही जोडी सजवून मारुतीसमोर आणतात. सालगड्याला नवे कापड मिळते ते त्याच दिवशी. त्या खांद्यावर फिरणारा हात मला बैलाविषयीच्या सगळ्या भाषणांपेक्षा खरा वाटतो, कारण घट्टा कुठे आहे ते त्या हाताला ठाऊक असते. पण या हाताच्या धन्याकडे कडबा किती उरला आहे, हे बैलाच्या रक्षणाचा कायदा करणाऱ्याने विचारलेले नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि नोंदणीकृत गोशाळांतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागे राज्य सरकारनेच दिवसाला १०० रुपयांपर्यंत दिले होते. म्हणजे मोठ्या जनावराचा दिवस ५० रुपयांत निघत नाही हे शासनाला माहीत आहे. परतूर तालुक्यातल्या दोन-चार एकरवाल्याच्या दावणीला बांधलेला जुळलेला म्हातारा बैल तर या अनुदानात बसतच नाही: तो गाय नाही आणि गोशाळेत नाही. कत्तलबंदी समाजाच्या श्रद्धेसाठी असेल तर तिचा खर्च समाजाने, म्हणजे सरकारी तिजोरीने, उचलायला हवा. आणि गोशाळेकडे जनावर ओढून न नेता तो शेतकऱ्याच्या गोठ्यात पोहोचवायला हवा. जनावरांच्या कानात आता १२ अंकी बिल्ले आहेत, वयाची नोंद तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते, पैसे थेट खात्यावर जाऊ शकतात. बारा वर्षांपुढच्या बैलाला छावणीच्या दराने चारा अनुदान, आणि ते घेणाऱ्याने बैल सोडून दिला तर वसुली, इतकी साधी ही योजना आहे. गोसेवा आयोगाने ती पुढच्या अर्थसंकल्पाआधी मांडावी, आणि तिच्या पहिल्या यादीत म्हातारी म्हैस आणि संकरित गोऱ्हाही असावा.